आपल्यातलंच ते

माझी आत्या चिपळूणहून कॅलिफोर्नियात आली ती सहा महिन्यांचा व्हिसा आणि दोन किलो गोडा मसाला घेऊन. परमुलखात पाहुणीसारखं वागणं तिला जमत नाही. दिसेल ती वस्तू ती आधी नात्यात बसवते, मगच तिच्याकडे नीट बघते. ‘आपल्यातलंच ते!’ सनीव्हेलच्या दुकानातला आर्टिचोकसुद्धा तिने कमळाच्या घराण्यात देऊन टाकला होता.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तिला पोर्तोला रेडवुड्स स्टेट पार्कला नेलं. डोंगरातली वळणं संपेपर्यंत फोनची रेंज गेली आणि फुलं ओळखणारं माझं ॲप तिथेच आडवं झालं. आत्याची रेंज मात्र फुल. साडी चार बोटं वर खोचलेली, पायात माझ्या बायकोचे बूट.

पहिल्याच रेडवुडपाशी ती मान दुखेपर्यंत वर बघत राहिली. मी संधी साधली. ‘‘जगातलं सगळ्यात उंच झाड याच जातीचं. इथून खूप उत्तरेला आहे. 115 मीटर! एकावर एक पाच माड.’’

तिने वाकून खाली पडलेलं फळ उचललं. जेमतेम सुपारीएवढं. ‘‘एवढा ताडमाड वाढला आणि धरलं काय, तर हे? माडाचं नाव नको घेऊस हो.’’

सॅन फ्रान्सिस्कोची घरं बांधायला इथल्या डोंगरांतली झाडं बेसुमार तुटली. तशाच एका जुन्या खुंटाभोवती दहाबारा रेडवुड रिंगण धरून उभे होते. तुटल्या खोडाच्या मुळाशी कोंब फुटून असं कडं तयार होतं, हे मी सांगणार तोच निकाल लागला, ‘‘केळीची पिल्लं.’’

तीन पानांवर तीन पाकळ्यांचं ट्रिलियम भेटलं. उमलतं पांढरं, जुनं होतं तसं गुलाबी. ‘‘रंगूनच्या वेलाची सवय दिसते याला.’’ वाटेत वीतभर पिवळीधमक बनाना स्लग आडवी आली. ‘‘गोगलगाय. शंख माहेरी विसरून आलेली.’’

पुढे पॉयझन ओकची तीन-तीन पानं दिसली तसा मी हात आडवा घातला. याचा चीक लागला की अंग खाजतं, फोड येतात.

‘‘म्हणजे बिब्बा उततो तसं.’’

‘‘आत्या, आता हाही तुझ्या नात्यातला?’’ मी पोटभर हसून घेतलं. घरी येऊन पाहिलं, तर बिब्बा, काजू, आंबा आणि पॉयझन ओक एकाच कुळातले निघाले. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. व्हिसाचे तीन महिने बाकी आहेत.

टिपटो धबधबा पुरुषभर उंचीचा. हेही मी मुद्दाम लपवलं होतं, कारण ही बाई परशुरामजवळचा सवतसडा बघत मोठी झालेली. ती थोडा वेळ बघत राहिली. मग मान वाकडी करून, उरलेला धबधबा कुठे मागे आहे का तेही पाहून घेतलं.

‘‘बरा आहे,’’ म्हणाली, ‘‘होईल मोठा.’’

परतताना वाटेच्या दोन्ही अंगांना रेडवुड सॉरेलची गादी पसरलेली. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची तीन-तीन पानं, मध्ये फिकट गुलाबी फुलं. जिथे उन्हाचा कवडसा पडला होता तिथली पानं मात्र छत्र्या मिटाव्यात तशी खाली मिटलेली.

‘‘आंबुशी!’’ जत्रेत मावसबहीण भेटावी तशी आत्या ओरडली. या वेळी मी वाद घातला नाही. दोन्ही ऑक्सॅलिसच, इथली अंगाने थोडी भरलेली, इतकंच.

‘‘पण इथे पान खुडायला बंदी आहे.’’

‘‘मूठभर आमटीत टाकली असती तर...’’

‘‘आत्या.’’

‘‘बरं बाबा.’’

गाडीत बसल्यावर अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही. सगळी वळणं उतरून आलो तरी गप्प. मी आरशात पाहिलं.

‘‘काय चघळतेयस?’’

‘‘कुठे काय?’’ ती म्हणाली. डावा डोळा आंबटाने घट्ट मिटलेला होता.