बारामतीचा पत्ता

आत्याच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवस शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचून दाखवायची कामगिरी माझ्यावर आली. घरात रिकामा मीच, शिवाय माझा चष्मा नुकताच बदललेला. माझी श्रद्धा आहे की नाही, हे कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. देव आहे म्हणावं तर पुरावा नाही, नाही म्हणावं तर त्यालाही नाही. अशा त्रिशंकूंसाठी हक्सले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६९ साली एक शब्द घडवला. मराठीत त्याचं 'अज्ञेयवादी' झालं. लग्नाच्या पंगतीत हा शब्द उच्चारला की शेजारचा कळवळून म्हणतो, "असू द्या, आता औषधं चांगली निघालीत."

पोथी लाल खारव्यात बांधलेली. पानांच्या कडा तेलकट, हळदीचे डाग, आणि खुणेला विजेचं जुनं बिल. पहिल्याच दिवशी मला फलश्रुती खटकली. हा अध्याय वाचला की आयुष्य वाढतं, संकटं टळतात, असं हाच अध्याय सांगतो. पूर्वी मार्कशीटच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागायचा. आता स्वतःच सही ठोकली तरी चालते. पोथ्यांना ही सवलत फार आधीपासून मिळालेली दिसते.

मोठ्या ग्रंथांचंही तेच: वेद देवाने केले म्हणून खरे, आणि देव आहे कशावरून, तर वेदात म्हटलंय म्हणून. याला आपल्याकडे अन्योन्याश्रय दोष म्हणतात. दोन कर्जबाजाऱ्यांनी एकमेकांना जामीन राहावं तसा प्रकार. तर्कशास्त्री नैयायिक हुशार. त्यांनी देवासाठी वेगळं अनुमान लावलं: मडकं आहे त्या अर्थी कुंभार असणार. पण माझा जीव जडला तो मीमांसकांवर. वेदांवर सर्वांत कडक निष्ठा यांची, आणि हेच म्हणतात, वेदांना कर्ताच नाही. माणूस नाही आणि देवही नाही, अपौरुषेय. लिहिणाराच नाही म्हटल्यावर चूक काढणार कुणाची? ग्रंथ वाचवायला ग्रंथकारालाच कायमची रजा दिली!

शिवलीलामृत लिहिणाऱ्या श्रीधरस्वामींनी असली खटपट केली नाही. दुपारी आत्या झोपली की मी पोथी पुढेही चाळायचो. चौदाव्या अध्यायात त्यांनी सरळ नोंदवून ठेवलंय: शके १६४०, मुक्काम बारामती. म्हणजे १७१८-१९ साल. पंधरावा अध्याय पुढे कुणीतरी जोडला, तो बऱ्याच आवृत्त्यांत छापतात. थोडक्यात, पोथी आकाशातून पडलेली नाही, कऱ्हेकाठी लिहिलेली आहे, हे पोथीच सांगते. (बारामतीहून निघालेल्या गोष्टीवर महाराष्ट्र एक तर गाढ विश्वास ठेवतो नाहीतर गाढ अविश्वास, अज्ञेयवादाला तिथे जागाच नाही.) मोठा शोध लागल्यासारखा मी आत्याला म्हणालो, "अगं, हे बारामतीत लिहिलंय!"

"मग कुठे लिहायचं, लोणंदला?" काळ्या चष्म्याआडून आत्या.

अकराव्यातली गोष्ट मात्र मला रोज नव्याने आवडायची. काश्मीरच्या राजाचा मुलगा आणि प्रधानाचा मुलगा अंगाला राख फासतात, दागिने फेकून रुद्राक्ष घालतात. घरचे हैराण. पराशर ऋषी येऊन खुलासा करतात: मागल्या जन्मी हे नंदिग्रामातल्या महानंदा नावाच्या गणिकेकडचं माकड आणि कोंबडा. तिने हौसेने त्यांना रुद्राक्ष बांधले आणि कीर्तनात नाचवलं. बस्स, एवढ्या भांडवलावर थेट राजवाड्यात जन्म! शिव आहे की नाही, पोथी कुणी लिहिली, यावर त्या कोंबड्याने काय मत दिलं असेल? बहुधा माझ्याइतकंच.

शेवटच्या दिवशी मला बँकेत जायचं होतं. फलश्रुतीच्या चारपाच ओव्या मी हळूच खाल्ल्या आणि पोथी मिटली.

"ओव्या गाळल्यास," आत्या म्हणाली.

"आत्या, ती जाहिरात असते गं."

"मधेच तुटलं. आता पहिल्यापासून."

घड्याळात पावणेबारा. बँकेचं काम आता दुपारी दीडनंतरचीच गोष्ट. मी पाट पुढे ओढला, खारवा सोडला आणि नंदिग्रामच्या त्या कोंबड्यासारखी मान उंच करून पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरुवात केली.