खलनायक पाहिजे, माणूस भला पाहिजे

गावातला सर्वांत भला माणूस कोण, हे ठरवायला भंडारा जिल्ह्यात ग्रामसभा घ्यावी लागत नाही. मंडईच्या रात्री नाटकाला बसावं आणि नायिकेचे केस धरून तिला कोण फरफटवतो, ते पाहून घ्यावं. तोच.

दिवाळी सरली, धान घरात यायला लागलं, की भाऊबीजेपासून झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा झाडीचा मुलूख. सोयरेधायरे येतात, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात, पोरीबाळींच्या सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक असतं. ते दहा-अकराला सुरू होऊन तांबडं फुटेपर्यंत चालतं. आता वडशाच्या व्यावसायिक कंपन्यांकडूनही नाटक ठरवतात. पण हौशी मंडळ असलं, तर नट गावचे आणि नट्या बाहेरून आणलेल्या.

पात्रं वाटायची बैठक बसते तेव्हा नायकाच्या भूमिकेला पाच उमेदवार असतात आणि पाचही जण जाकीट शिवायला टाकून आलेले असतात. विनोदी भूमिका ज्याची त्यानं आधीच बळकावलेली असते. उरतो सावकार. मग सगळे गुरुजींकडे वळतात. “गुरुजी, तुमीच व्हा जी सावकार.” गुरुजींना आजवर कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. दुसऱ्याच्या मोटारपंपापासून तिसऱ्याच्या जामिनापर्यंत त्यांनी सगळं ‘हो’ म्हणून अंगावर घेतलेलं. त्यात एक खलनायक.

त्यानंतर गुरुजी घरात हसू शकत नाहीत, म्हणून धानाच्या बांधीवर जाऊन हसतात. खलनायकाचं हसणं पोटातून यावं लागतं, तीन हप्त्यांत यावं लागतं, आणि तिसऱ्या हप्त्याला मान मागे जावी लागते. गुरुजींची मान मागे गेली की चष्मा पडतो. चष्मा काढावा तर नायिका दिसत नाही. एकदा चष्म्याविना त्यांनी नायकाच्या आईचाच हात धरून “आता कुठे जाशील?” केलं, आणि आईनं प्रसंगावधान राखून “घरी” म्हटलं.

बाहेरून येणारी नटी संध्याकाळी उतरते, चहा पिता पिता नाटकाची एक उभ्या उभ्या तालीम होते आणि तिसऱ्या अंकात अनोळखी माणसानं आपल्याला फरफटवायचं असतं, हे तिला ठाऊक असतं. नायक कोण, हे ती विचारत नाही. ती विचारते, “सावकार कोन आहे?” कुणीतरी गुरुजींकडे बोट दाखवतं. गुरुजी तेव्हा तिच्यासोबत आलेल्या लेकरासाठी मच्छरदाणी बांधत असतात. नटी निश्चिंत होऊन रंगायला बसते.

तिसरा अंक. गुरुजींच्या ओठांवर डिंकानं चिकटवलेली मिशी, खांद्यावर शाल, हातात चाबूक. केस धरले, ओढले, नायिका धाडकन पडली. तिच्यावर वाकून गुरुजी अगदी हळू पुटपुटले, “लागलं का वो बाई?” आणि तीही तितक्याच हळू, “नाही जी, वढा तुमी.” वर माईक टांगलेला होता. दोन्ही वाक्यं भोंग्यातून शेजारच्या गावापर्यंत गेली. आता मंडप हसणार, असं विंगेतल्यांना वाटलं. पण पुढे बिछायतीवर बसलेली एक म्हातारी ताडकन उठली, “मारते बी, अन् वरून इचारते बी! तुये हात झडो, मुडद्या!” शिंगाड्याची सालं रंगमंचावर आली. गुरुजींना यापेक्षा मोठी दाद कधी मिळाली नाही.

सकाळी तीच म्हातारी बँकेचा कागद घेऊन गुरुजींच्या ओसरीवर हजर. “राती त्या मुडद्यानं पोरीले लय मारलं जी, गुरुजी.” कानामागचा रंग अजून निघायचा होता. गुरुजी कागद वाचत म्हणाले, “मारलं खरं. लय वाईट मानूस.”

गंमत पुढेच आहे. नाटकाच्या उद्घाटनाला ज्यांना शाल-नारळ मिळाला, ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पहाटेपर्यंत बसले होते. धानाच्या खरेदीत काटा मारण्यात त्यांचा हात पंचक्रोशीत कुणी धरत नाही. जाताना ते डोळे पुसत म्हणाले, “असेही लोक असतात बाप्पा दुनियेत!” गुरुजींनी सावकाराची चाल, खाकरणं आणि अंगठीशी चाळा करणं कुणावरून उचललं, हे त्या मंडपात फक्त दोघांना कळलं नव्हतं. एक ते स्वतः, आणि दुसरा त्यांचा मुलगा. तो नायक होता.

ही जात फक्त झाडीतली नाही. ‘सामना’तल्या हिंदूराव धोंडे पाटलांना पाहून महाराष्ट्रानं ज्यांच्या नावानं बोटं मोडली, ते निळू फुले राष्ट्र सेवा दलात घडलेले. तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले. पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत फिरले, म्हणजे कार्यकर्त्यांच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून. पडद्यावर वाडा, बाहेर वर्गणी. १३ जुलै २००९ ला ते गेले, तेव्हा शिव्या देणारेच जास्त रडले.

झाडीपट्टीचं कौतुकही आता दिल्लीपर्यंत पोचलं आहे. गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ते लोकांना हसवणारे नट. खलनायकाच्या वाट्याला अजून शिंगाड्याची सालंच येतात, आणि गुरुजींची त्याबद्दल तक्रार नाही. गावानं वाईटपणा सोपवला, तो नीट सांभाळून सकाळी परत केला, एवढाच त्यांचा हिशेब.

तेव्हा साकोली-लाखांदूरकडे मंडईला गेलात, तर सावकाराला मनापासून शिव्या द्या. तेच त्याचं मानधन. आणि परतताना अर्ध्या रात्री गाडी बंद पडली, तर त्याचंच दार वाजवा. नायक मेकअप उतरवत नसतो, आणि त्याचा फोनही लागत नाही.