उभ्या ट्रेलरचं प्रवासवर्णन

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला निदान एक गोष्ट फुकट मिळते: वाहन हलतं. माझ्या नशिबी ती नव्हती. बळ्ळारी-होसपेट पट्ट्यातल्या एका पोलाद कारखान्याच्या दारात आमचा ट्रेलर उभा होता. त्याच्या पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. या रांगेच्या आश्रयाने चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, न्हाव्याची खुर्ची आणि एक शनीचं देऊळ अशी बरी वस्ती झाली होती.

"मामा, ही रांग कधीपासूनची आहे?" मी विचारलं.

"रांग कायमचीच हाय, साहेब. आपण कालपासूनचे."

मामा म्हणजे आमच्या ट्रेलरचे ड्रायव्हर, जत तालुक्यातले. जतचा माणूस जन्मतःच कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतो आणि पाऊस कुठल्याच भाषेत येत नाही म्हणून ड्रायव्हर होतो. पोलादाच्या पत्र्याच्या दोन गुंडाळ्या चाकणला पोचवायच्या होत्या. धंद्यात त्यांना कॉइल म्हणतात. एकेकीचं वजन तेरा-चौदा टन. तुमच्या-माझ्या मोटारीचा दरवाजा, बॉनेट, छप्पर हे सगळं आधी असं गुंडाळलेल्या अवस्थेत कुणाच्या तरी ट्रेलरवर बसून येतं. वाटेत आपण त्याच ट्रेलरला हॉर्न मारून शिव्या देतो, ही गोष्ट वेगळी.

ट्रेलर म्हणजे पुढे घोडा आणि मागे चाळीस फुटांचा उघडा फलाट. त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही, लपवायला जागा नाही. बंद कंटेनरवाल्याला निदान आपण काय नेतोय ते विसरता येतं. फलाटवाल्याला ते आरशात सतत दिसतं.

मला बसायला जागा मिळाली ती क्लीनरची. पूर्वी प्रत्येक गाडीला क्लीनर असे. तो चाकं ठोकून बघायचा, काच पुसायचा, भात शिजवायचा, मागे बघून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचा आणि पाच-सहा वर्षांत स्वतःच ड्रायव्हर व्हायचा. ती डावीकडची सीट म्हणजे या धंद्याची शाळा होती. मालकांनी पगार वाचवायला शाळा बंद केली आणि आता ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून तेच मालक कपाळाला हात लावून बसतात. रिकाम्या शाळेत मी शिरलो, तेव्हा मला वाटलं आपण पाहुणे आहोत. मामांना तसं वाटलं नसावं. पहिल्याच दुपारी त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं.

आमचा नंबर लागला तेव्हा मध्यरात्र होती. कारखान्यांना मध्यरात्र फार आवडते. हेल्मेट, चमकणारं जाकीट, पुढे लोखंड असलेले बूट असा पोशाख केल्याशिवाय आत सोडत नाहीत. मामांचे बूट सीटखाली होते आणि ते फक्त गेटपुरते बाहेर निघत. लग्नातल्या कोटाला मिळतो तेवढा मान त्यांना होता. क्रेनने कॉइल अलगद उचलून फलाटावर ठेवली, तेव्हा अठरा चाकं एकदम खाली बसली आणि मीही बसलो.

मग सुरू झाला बांधण्याचा कार्यक्रम. कॉइल गोल असते. गोल वस्तूचं एकच ध्येय असतं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या, वरून साखळ्या टाकायच्या, त्या ताणायच्या, मग परत पाचरी तपासायच्या, आणि शेवटी ताडपत्री. पत्र्यावर पाण्याचा थेंब पडला तर गंज, आणि गंज पडला तर चाकणचा साहेब पावतीवर शेरा मारणार, आणि शेरा पडला तर मालक कापणार ते मामांच्या हिशेबातून. एवढ्या साखळ्या बघून मला उगीच धीर आला. मामांनी तो लगेच काढून घेतला.

"पावणं, साखळी कॉइलला थांबवत न्हाई. साखळी तिला आठवण करून देती. थांबवायचं आपण. जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबती, कॉइल थांबत न्हाई. ती आपल्याकडं येती."

मी मागे वळून पाहिलं. माझी सीट आणि कॉइल यांच्यामध्ये केबिनचा पत्रा होता. तोही कधी काळी कॉइलच होता.

'साहेब'चा 'पावणं' झाला होता, हे नंतर लक्षात आलं.

गाडी काट्यावर गेली, वजन झालं, बिल्टी मिळाली, ई-वे बिल निघालं. हे ई-वे बिल मोठं गमतीचं प्रकरण आहे. २०१८ च्या एप्रिलपासून मालाबरोबर ते असावं लागतं आणि त्याला आयुष्य असतं: दर २०० किलोमीटरला एक दिवस. चाकण साधारण साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे चार दिवस. त्यात गाडी पोचली नाही तर माल तोच, मालक तोच, रस्ता तोच, पण कागद मेलेला. ड्रायव्हरला आजारपणाची मुदत कुणी देत नाही. कागदाची मुदत मात्र ऑनलाइन वाढवता येते.

पहाटे आम्ही हललो. तुंगभद्रेचं धरण मागे पडलं, कोप्पळ गेलं, गदगच्या माळावर पवनचक्क्या दिसू लागल्या. त्या आमच्यापेक्षा वेगात फिरत होत्या. वेग चाळीस, फार तर पंचेचाळीस. मागून मोटारी येत, करकचून हॉर्न वाजवत, डावीकडून घुसत, आणि जाताना आतला माणूस मान वळवून आमच्या कुळाचा उद्धार करी. मीही गेली वीस वर्षं हेच करत आलो होतो, पण आता मी वरच्या मजल्यावर होतो आणि वरून सगळंच निराळं दिसतं.

"मामा, आपण उजवी लेन का सोडत नाही?"

"डावीकडं काय काय हाय ते मोजा."

मी मोजलं. उलट दिशेने येणारी मोटारसायकल, तिच्यावर गवताचा भारा. बिघडलेला टेम्पो, भोवती इशारा म्हणून दगड मांडलेले. टेम्पो गेला तरी दगड राहणार. उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दिवा एकही नाही. प्रवासी घ्यायला थांबलेली एसटी. आणि एक म्हैस, जिला कुठलाच क्रमांक मान्य नव्हता.

"प्रत्येकाला एक ब्रेक," मामा म्हणाले, "आणि ब्रेकनंतर चाळीस टन परत पळवायचं. डिझेल कुणाचं?"

इथे मला या धंद्याची किल्ली सापडली. हायवेवर ट्रक जे जे वेडंवाकडं वागतो ते त्याच्या पगारपत्रकात लिहिलेलं असतं.

ते पत्रक असं. मामांचा पगार महिना १५,००० रुपये. भत्ता दिवसाला ४००, तोही गाडी चालत असेल तर. रांगेत उभी असेल तर अर्धा, कारण मालकाच्या मते उभं राहायला काय लागतं? गाडी अडवून ठेवल्याबद्दल 'हॉल्टिंग' म्हणून पैसे मिळायची पद्धत आहे. ते वाटेतल्या एकेका टेबलावर मुक्काम करत मालकापर्यंत येतात, पण ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पायऱ्या उंच असल्यामुळे चढू शकत नाहीत. निघताना हातात 'खर्ची' मिळते. त्यातून काटा, पंक्चर, क्रेनवाल्याचा चहा, गेटवाल्याचा चहा, कुठे कुठे 'एंट्री', आणि उरलं तर जेवण. एंट्रीची पावती नसते, म्हणून हिशेबात ती 'किरकोळ' या नावाने वावरते. टोल तेवढा फास्टॅगमधून परस्पर जातो. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून टोलच्या सुट्ट्या पैशांतून निघणारा चहा बंद झाला, ही त्या सुधारणेची काळी बाजू मला मामांकडूनच कळली.

खरी कमाई डिझेलमध्ये. भरलेल्या गाडीला लिटरमागे तीन किलोमीटर, असा मालकाचा आकडा ठरलेला. त्यापेक्षा जास्त पळवली तर वाचलेलं डिझेल ड्रायव्हरचं. कमी पळाली तर पगारातून. एका फेरीत दहा लिटर वाचवलं की नऊशे रुपये, म्हणजे दोन दिवसांच्या भत्त्याहून जास्त. म्हणून चाळीसचा वेग, म्हणून उजवी लेन, म्हणून चढावर गोगलगाय. आपण ज्याला माज समजतो तो लिटरचा हिशेब असतो.

दुपारी हुबळीच्या अलीकडे जेवायला थांबलो. धाबा नव्हता, स्वयंपाक होता. फलाटाखालच्या पेटीतून स्टोव्ह निघाला, तांदूळ निघाले, जतचं तिखट निघालं. कांदा चिरण्याचं खातं क्लीनरकडे होतं. गाडीच्या सावलीत ताट घेऊन बसल्यावर मी मामांना एक शहरी माहिती दिली: २०२५ च्या नोव्हेंबरापर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता आणि त्याप्रमाणे दिवसाला आठ तासांहून जास्त काम नव्हतं, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती.

मामा घास तोंडाशी धरून थांबले. "आठ तास? सकाळचे का रात्रीचे?"

एसीबद्दलही मी सांगून पाहिलं. २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमाप्रमाणे नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. आमच्या घोड्याचा जन्म त्याआधीचा, त्यामुळे आमचा एसी म्हणजे दोन खिडक्या. त्यातली माझी अर्धीच उतरत असे. मामांना एसीपेक्षा दुसरीच काळजी होती. "एसी डिझेलवर चालतो. आकडा तीनच ठेवला तर गार हवा कुणाच्या पगारातनं?"

नव्या गाड्यांना डिझेलबरोबर युरियाही लागतो, धुरातलं विष मारायला. पंपावर मामा "युरिया हाय का?" विचारत होते, तेव्हा शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने वळून "कुठाय, कुठाय?" केलं. देशात युरियाच्या मागे असलेल्या दोन जमाती त्या क्षणी समोरासमोर आल्या.

बेळगाव ओलांडलं, संकेश्वर गेलं, रात्री तवंदीचा घाट आला. उताराच्या तोंडाशी मामांनी गाडी थांबवली. चाकांना हात लावून बघितलं, पाचरींना लाथा घातल्या, स्तवनिधीच्या दिशेने हात जोडले आणि मगच खालचा गिअर टाकला.

आमच्या बाजूने दोन ट्रक घरंगळत गेले. इंजिनाचा आवाज नाही, नुसता वारा. "न्यूट्रल," मामा म्हणाले.

उतारावर गिअर काढला की डिझेल वाचतं, ही या रस्त्यावरची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग समजूत. नवीन इंजिनात ती खोटीसुद्धा आहे. गिअरमध्ये उतरताना पायाखालचा पेडल सोडला की इंजिन डिझेल घेणंच बंद करतं. न्यूट्रलमध्ये उलट ते चालू राहायला थेंब थेंब पीत बसतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि मग दाबून उपयोग नसतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार याच हिशेबामुळे बदनाम झाला. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे एका अवजड गाडीने एका रात्रीत डझनावारी वाहनं चेपली. न वाचणारं डिझेल वाचवण्यासाठी माणसं जातात, आणि त्याचा खुलासा कुठल्याही मालकाच्या आकड्यात नसतो.

"मग तुम्ही का नाही टाकत न्यूट्रल?"

"मागं बघा की," मामा म्हणाले. मागे कॉइल होती.

कोगनोळीचा टोल ओलांडून कागलला लागलो आणि मामा कन्नडमधून मराठीत आले. मग किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर अशी टोलनाक्यांची तीर्थयात्रा. खंबाटकीचा बोगदा लागला. एका ठिकाणी गणवेशातल्या एका गृहस्थांनी हात दाखवला. मामांनी कागद दाखवले. सगळे कागद बरोबर निघाल्यामुळे ते गृहस्थ फार नाराज झाले. शेवटी ताडपत्री एका कोपऱ्यात फडफडते, या गुन्ह्यावर तडजोड झाली आणि 'किरकोळ' खात्यात भर पडली.

नवले पुलाचा उतार मामांनी अशा संथपणे उतरवला की मागच्या सगळ्या पुण्याने आम्हाला हॉर्न दिला. देहूरोड, तळेगाव करत चाकणच्या रस्त्याला लागलो. त्या रस्त्याला रस्ता म्हणावं अशी आग्रहाची शिफारस नकाशा करतो. तिथे मला वाटलं प्रवास संपला. पण कारखान्याच्या दारात परत रांग होती. आत जागा नाही, आज माल उतरत नाही, उद्या बघू. पत्रा वेळेवर हवा म्हणून दिवसाला चार फोन करणारा कारखाना, पत्रा दारात आल्यावर एकदम निवांत झाला होता. गोदाम बांधायला पैसे लागतात. ट्रेलर दारात उभा ठेवायला लागत नाहीत. देशातलं सगळ्यात स्वस्त गोदाम अठरा चाकांवर असतं आणि त्याचा राखणदार पायलीला पन्नास मिळत नसला तरी फुकट मिळतो.

मामांनी फलाटावर दोन कॉइलच्या मध्ये दोरी बांधली, बनियन वाळत घातलं आणि सावलीत चटई टाकली. "परतीचा माल मशिनरीचा हाय, हुबळीपर्यंत. परवा भरंल. येताय?"

मला अचानक पुण्यातली कितीतरी कामं आठवली.

कॅब बोलावली. कोथरूडपर्यंत नऊशे रुपये. मामांनी अख्ख्या फेरीत जपून वाचवलेलं दहा लिटर डिझेल मी एका बैठकीत उडवायला निघालो होतो. एसी गार होता. बायपासला पुढे एक ट्रेलर उजव्या लेनमधून चाळीसने चालला होता. कॅबवाल्याने हॉर्नवर हात ठेवला आणि ट्रेलरवाल्याच्या खानदानाला हात घातला.

मी पुढे झुकून त्याला सगळं समजावून दिलं. डावीकडची म्हैस, चाळीस टन परत पळवण्याचं डिझेल, लिटरला तीनचा आकडा, जोरात ब्रेक मारला की केबिनमध्ये येणारी कॉइल. तो शांतपणे ऐकत होता.

"साहेब, तुमचे ट्रेलर आहेत का?"

"नाही," मी म्हणालो. "क्लीनर आहे."

त्याने आरशातून माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "पैसे आधी द्या."