रेसशास्त्री

मावळातील भातखाचरांत बैलजोडीची जागा छोटा ट्रॅक्टर घेऊ लागल्यापासून बांधावर एक नवा विद्वान उदयास आला असून, अभ्यासाच्या सोयीसाठी त्यास रेसशास्त्री म्हणावे लागेल. ‘रेस’ म्हणजे इंजिनाची गती, अर्थात त्याचा मुख्य दांडा मिनिटाला किती फेरे घेतो तो आकडा; आणि रेसशास्त्री म्हणजे तो आकडा किती असावा हे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरविषयी खात्रीपूर्वक सांगणारा मनुष्य. त्याच्या स्वतःकडे ट्रॅक्टर नसतो, आणि त्यामुळे त्याच्या मतांना कोणत्याही विशिष्ट कंपनीची मर्यादा पडत नाही.

लोणावळ्याचा पाऊस पवन, नाणे आणि आंदर मावळात सरकला की आवणीआधीची, म्हणजे भातलावणीआधीची, चिखलणी सुरू होते. खाचरात साठलेल्या पाण्यात माती घुसळून तिचा मऊ गारा केला जातो, ज्यामुळे पाणी खाली झिरपणे कमी होते आणि इंद्रायणी भाताचे रोप बोटाने रोवता येते. हे घुसळण्याचे काम रोटर करतो व त्यास फिरवतो तो पीटीओ, म्हणजे इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरच्या पाठीमागे आणून देणारा दांडा, ज्याची प्रमाणित गती मिनिटाला 540 फेरे आहे. ती गती इंजिनाच्या कोणत्या रेसला मिळते याची खूण अनेक ट्रॅक्टरांच्या मीटरवर छापलेली असते. काटा तेथे ठेवावा आणि पुढे जाण्याचा वेग गिअरने ठरवावा, इतके हे शास्त्र सोपे आहे. मात्र इतक्या सोप्या शास्त्रात विद्वानाला स्थान उरत नसल्यामुळे रेसशास्त्री मीटरकडे पाहत नाही, तो ऐकतो.

त्याच्या कानाची घडण बहुधा बैलगाडा शर्यतीच्या घाटात (शर्यतीच्या धावपट्टीसही येथे घाटच म्हणतात) झालेली असते, जेथे निकाल सेकंदांवर लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली घातलेल्या बंदीपासून डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळेपर्यंत जो कान रिकामा राहिला, तो ट्रॅक्टरकडे वळला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. या कानाची थट्टा सरसकट करणे मात्र अन्यायाचे ठरेल. रोटर खोल रुतून आवाज बसला आणि धूर काळा झाला की तो “रेस नको, गिअर उतरव” असे ओरडतो, आणि ते बरोबर असते. कारण इंजिनातील गव्हर्नर, म्हणजे ओझ्यानुसार डिझेल आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा, आधीच जमेल तितके डिझेल ओतत असते. रिकामी ट्रॉली सपाट रस्त्याने नेताना वरचा गिअर टाकून रेस उतरवावी, हाही त्याचा सल्ला डिझेल वाचवणारा आहे. पवना धरणाकाठच्या बंगलेवाल्यास गवत कापण्याच्या यंत्राविषयी मात्र तो “नवं इंजिन आहे, साहेब, हळूच चालवा” असे बजावतो, आणि मंद रेसवर फिरणारे गवतकापणीचे पाते गवत कापण्याऐवजी चावून ठेवते.

त्याची खरी विद्वत्ता प्रकट होते ती भाड्याच्या हिशेबात. चिखलणीचे भाडे तासावर ठरते. घड्याळाचा तास धरला तर खाचरमालकास चढी रेस हवी असते, कारण तेवढ्याच पैशांत काम अधिक उरकते, आणि डिझेल ज्याच्या खिशातून जाते त्या ट्रॅक्टरवाल्यास ती उतरलेली हवी असते. याउलट जुन्या ट्रॅक्टरवरील यांत्रिक तासमीटर वेळ मोजत नसून इंजिनाचे फेरे मोजतो: 2000 रेसला जुळवलेला असेल तर 1500 रेसवर घड्याळाच्या साठ मिनिटांत त्याची पंचेचाळीसच मिनिटे भरतात. म्हणजे भाडे मीटरवर ठरताच मंद रेसमध्ये खाचरमालकाचा तास लांबतो आणि ट्रॅक्टरवाल्यास एकाएकी चढ्या रेसचे महत्त्व पटते. या दोन तासांमधील पंधरा मिनिटांच्या प्रदेशात रेसशास्त्री वास्तव्य करतो. सकाळचा चहा कोणाकडे झाला यावर त्याचा निर्णय अवलंबून असतो, असे म्हणणे थोडे कठोर होईल. परंतु चहा झाल्याखेरीज तो निर्णय देत नाही, हे सर्वमान्य आहे.

त्याच्या स्वतःच्या चार गुंठ्यांच्या खाचरात ट्रॅक्टर उतरतो त्या दिवशी मात्र बांधावर विलक्षण शांतता असते. तो ट्रॅक्टरजवळ जातो, आजवर तुच्छ लेखलेल्या मीटरवरचा चिखल धोतराच्या सोग्याने पुसतो, मनगटावरील घड्याळ एकदा कानाशी धरतो आणि चालकास हळू आवाजात विचारतो, “भाऊ, तास कुठला धरायचा?” उत्तर मिळेपर्यंत रेसविषयी तो एक शब्दही काढत नाही.