शुक्रवारचं पापलेट

संत होण्याच्या बाबतीत आम्हा वसईच्या कॅथलिकांवर जरा जादाच दडपण असतं. बाकीच्यांचे संत इटलीचे, स्पेनचे, म्हणजे लांबचे. आमच्या बाबतीत एक संत थेट गावातलाच निघाला. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, जपानला गेले, व्यापारात नाव कमावलं आणि मग चालता धंदा सोडून फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवून मारण्यात आलं. 1862 साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिलं. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही वसईत आहे. त्यामुळे 'आपल्याकडच्या हवेत ते जमत नाही' ही सबब आम्हाला पुढे करता येत नाही. प्रवचनात 'चालता धंदा सोडला' हे शब्द आले की पुढच्या बाकांवरचे बिल्डर आणि केळीवाले उगाचच खाकरतात.

माझी अडचण वेगळी आहे. मला कोणी छळतच नाही. सिंहापुढे टाकायला कोणी तयार नाही, क्रूस तर फारच लांबची गोष्ट. माझ्या वाट्याला आली आहे ती हाउसिंग सोसायटी, आणि तिच्यात माझ्या जागेवर गाडी आडवी लावणारे दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ. शत्रूवरही प्रेम करावं ही प्रभूची आज्ञा मला मान्य आहे. शत्रू म्हणजे भाला घेतलेला रोमन शिपाई असता, तर मी ती पाळूनही दाखवली असती. पण हे गृहस्थ बनियनवर गॅलरीत येतात आणि वरूनच सांगतात, "हँडब्रेक काढून ठेवलाय, जरा ढकला ना!" शुभवर्तमानात भाल्याची सोय आहे, हँडब्रेकची नाही.

मग उरतो उपवासकाळ. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की ईस्टरपर्यंत आमच्या घरात वैराग्य संचारतं. नियम तसे सुटसुटीत आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास, म्हणजे एकच पोटभर जेवण. आणि शुक्रवारी मांस वर्ज्य. 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे मांस सोडायचं ते 14 वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि उपवास 18 पासून 59 पूर्ण होईपर्यंत. आमच्या एका काकांनी साठाव्या वर्षात पाऊल टाकलं ते नेमकं राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी आणि संध्याकाळी असं दोनदा पोटभर जेवून धर्मसंहितेचा अक्षरशः आदर राखला.

मांस वर्ज्य, हे ठीक. पण मासा हे मांस नव्हे, असं चर्चनेच ठरवून ठेवलं आहे. हा नियम ज्यांनी केला ते बहुधा समुद्रापासून फार लांब राहत असावेत. मासा म्हणजे गरिबाचं, नाइलाजाचं अन्न, अशी त्यांची समजूत असणार. त्यांनी एकदा वसईच्या कोळणीसमोर उभं राहून पापलेटाचा भाव विचारायला हवा होता. आमच्याकडे उपवासकाळातल्या शुक्रवारी सकाळपासूनच चैतन्य असतं. मटण नाही म्हणून पापलेट, पापलेट महाग म्हणून कोळंबी, आणि कोळंबी पुरणार नाही म्हणून सोबतीला ओल्या बोंबलाचं कालवण. संध्याकाळी क्रुसाच्या वाटेची भक्ती करून, चौदाही स्थानांवर गुडघे टेकून, आम्ही जड पोटाने घरी परततो.

शेजारच्या जोशीकाकूंना हा त्याग दाखवला, तर त्या फक्त हसल्या. "एकादशी अन् दुप्पट खाशी," म्हणाल्या, "आमच्याकडेही साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा लाडू, वर बटाट्याचा कीस. बसा, घ्या थोडा." सर्वधर्मसमभाव मला जिथे समजला, ते ठिकाण म्हणजे काकूंचं डायनिंग टेबल.

आमच्या काकांना नुकतंच कुठून तरी कळलं की 17 व्या शतकात कॅनडातल्या क्युबेकमध्ये बीव्हर नावाचा चांगला केसाळ, चार पायांचा प्राणी उपवासापुरता मासा मानला गेला होता. पाण्यात पोहतो म्हणून. तेव्हापासून काका तलावातल्या बदकांकडे फार विचारपूर्वक बघतात.

रोज संध्याकाळची घरातली रोझरी हा वेगळाच प्रकार. पाच रहस्यं, प्रत्येकात दहादा 'नमो मरिये', शेवटी लितानी. पूर्वी आठवडाभर मिळून पंधरा रहस्यं होती. 2002 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची आणखी पाच दिली. आजीला ती बातमी सांगितली तेव्हा तिचा चेहरा उतरला. एका संध्याकाळी म्हणायची पाचच, हे तिला पटवून द्यावं लागलं, तेव्हा कुठे ती पोपमहोदयांशी पुन्हा नीट बोलू लागली, अर्थात प्रार्थनेतून. आमची रोझरी सातला सुरू होते आणि मालिका साडेसातला. पहिलं रहस्य संथ आणि भक्तिभावाने म्हटलं जातं. चौथ्यापर्यंत 'नमो मरिये' विरार फास्ट होते, मधली स्टेशनं घेत नाही. पाचव्याला आजीचे डोळे मिटलेले असतात, जपमाळ उजव्या हातात असते आणि डावा हात रिमोटवर.

संतांपैकी रोजच्या वापरातले म्हणजे पादुआचे सेंट अँथनी. हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे त्यांचं खातं. मनुष्य मोठा विद्वान, 1231 मध्ये वारला, चर्चने त्याला आचार्यपदही दिलं, आणि आज वसईत त्याच्याकडे मागणी काय, तर दुचाकीची चावी. आता तर अख्ख्या इमारतीत ते लोकप्रिय आहेत. "तुमच्या त्या अँथनींना सांगा हो, माझं आधार कार्ड सापडत नाही," असं जोशीकाकू जिन्यातूनच ओरडतात. सापडलं की त्या दानपेटीसाठी अकरा रुपये माझ्या हातात ठेवतात. वरचा एक रुपया अँथनींना नवीन असावा.

रविवारच्या मिस्साला माझ्या मागच्या बाकावर एक गृहस्थ बसतात. तर्जनीत किल्ल्यांचा जुडगा अडकवून तो फिरवायची त्यांना सवय आहे. त्या जुडग्यात बाटली उघडायचं एक ओपनर आहे आणि ते दर फेरीला किल्लीवर आपटतं. प्रवचन सुरू झालं की जुडगा सुरू होतो. फादर 'क्षमा' म्हणतात आणि मागून 'टिंग' येतं.

यावरचा उपाय लिझ्यूच्या संत तेरेसांनी लिहून ठेवला आहे. गोन्सालोंनंतर बरोब्बर तीनशे वर्षांनी, 1897 मध्ये, वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी त्या फ्रान्समधल्या कार्मेल मठात वारल्या. त्यांनी ना देश पालथे घातले, ना त्यांना कोणी क्रुसावर चढवलं. मठाच्या बाहेर न पडता त्या मिशनकार्याच्या पालक संत झाल्या. त्यांच्या आत्मचरित्रात अशीच एक सिस्टर आहे, ध्यानाच्या वेळी मागे बसून सतत विचित्र आवाज करणारी. तेरेसांना मागे वळून एकदा डोळे वटारावेसे वाटायचे. वळल्या नाहीत. सोसून सोसून घाम फुटायचा, शेवटी त्यांनी तो आवाजच मन लावून ऐकायला घेतला आणि एखादी मैफल असावी तसा देवाला वाहिला. कपडे धुताना दुसरी एक सिस्टर घाणेरडं पाणी तोंडावर उडवायची, तेही त्यांनी मुकाट्याने घेतलं. गोन्सालोंची वाट मला झेपणारी नाही, ते उघडच आहे. ही वाट सोपी वाटते, तोवरच सोपी असते. मी किल्ल्यांची मैफल देवाला वाहायला घेतो, दोन-तीन टिंग वाहूनही होतात, आणि नेमकं तेव्हा फादर सांगतात की एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या. मी हात जोडून मागे वळतो. ते गृहस्थही हात जोडतात. जुडगा दोन्ही तळव्यांच्या मध्ये असतो. इतक्या निर्मळपणे हसतात की राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

'शांतीने जा' असा निरोप मिळाल्यावर चर्चच्या आवारात पहिला हॉर्न वाजेपर्यंतचा काळ ज्याला मोजायचा असेल त्याने घड्याळातला सेकंदकाटा बघावा, मिनिटकाट्याचा उपयोग होणार नाही.

2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पवित्रतेवर एक पत्र काढलं. शेजारच्या घरातले संत, अशी त्यात कल्पना आहे. एक उदाहरण तर आमच्या बायकोने मनावरच घेतलं: एक बाई बाजाराला जाते, शेजारीण भेटते, कुचाळक्या सुरू होतात, आणि ही मनाशी ठरवते की मी कोणाबद्दल वाईट बोलणार नाही. पोपमहोदय म्हणतात, हेही पवित्रतेकडे टाकलेलं पाऊलच.

मागच्या शनिवारी बायको बाजारातून आली ती लालबुंद होऊन. पिशवी ओट्यावर आपटली, पंखा पाचवर केला.

"फिलुमावहिनी भेटल्या. पाऊण तास! मी एका शब्दाने कोणाबद्दल वाईट बोलले नाही."

"अरे वा!"

"नुसती हं हं करत होते. पण त्यांनी जे जे सांगितलं ना, अहो, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गाडीवाल्यांचं..."

पत्रातली ती बाई पुढे घरी येते. तिथे तिच्या मुलाला काही बोलायचं असतं, आणि थकलेली असूनही ती शांतपणे बसून प्रेमाने ऐकून घेते. पोपमहोदयांच्या मते हेही पवित्रतेचंच पाऊल. मी टीव्ही बंद केला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.