शंभराचा पाढा

म्युनिक, रविवार

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचल्याचं फोनवर कळलंच आहे. पण इथे फोन चिरंजीव लावून देतात आणि शेजारीच बसून राहतात, त्यामुळे खरं काही बोलता येत नाही. म्हणून हे पत्र.

यांचं काय सांगू? विमानातून उतरल्यापासून तोंडी एकच पाढा, शंभराचा. एक युरो म्हणजे साधारण शंभर रुपये. हिशेब सोपा, म्हणून तर डोक्याला ताप जास्त. कोथिंबिरीची जुडी दीड युरोला दिसली, तर भर दुकानात “दीडशे!” म्हणून ओरडले. कॉफी पिताना चेहरा असा, जशी एरंडेलाची वाटी हातात दिलीय.

इथल्या भुयारी रेल्वेला फाटक नाही की दारात तपासनीस नाही. पण नुसतं तिकीट काढून भागत नाही, निळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. पहिल्या दिवशी आम्ही तिकिटं पाकिटात जपून ठेवली आणि ऐटीत फिरून आलो. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “पकडले असते तर माणशी ६० युरो दंड!” यांनी लगेच गुणाकार केला आणि रात्री नुसता ताकभात खाल्ला.

रात्री दहाला रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तरी माणसं लाल दिव्यापाशी मुकाट उभी. आणि वहिनी, त्या रांगेत आपले हेसुद्धा! वाईच्या बाजारात एसटीला आडवी सायकल घालणारा हाच का माणूस, म्हणून मी दोनदा निरखून पाहिलं.

कचऱ्याचं शास्त्र तर सोवळ्याहून कडक. कागद निळ्या डब्यात, भाजीची देठं तपकिरी डब्यात, काच चौकातल्या मोठ्या डब्यांत. तीही पांढरी, हिरवी, तपकिरी अशी जातवार. गेल्या रविवारी हे लोणच्याची रिकामी बरणी टाकायला निघाले, तर शेजारच्या आजींनी जिन्यातच अडवलं. रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो म्हणे! मला एकदम भाऊजी आठवले. दुपारी एक ते चार वाड्यात भांडं वाजलं की ते जे करतात, त्याचा इथे कायदाच आहे. रविवारी दुकानंही बंद. शनिवारी मीठ विसरलं, तर सोमवारपर्यंत अळणी जेवा.

इथे ‘क्वार्क’ नावाचा चक्क्याचा चुलतभाऊ मिळतो. थोडा सैल असतो, म्हणून मी तो फडक्यात बांधून रात्रभर न्हाणीघरातल्या नळाला टांगला. पहाटे दिवा न लावता आत गेलेली सूनबाई किंचाळतच बाहेर आली. श्रीखंडाच्या मात्र दोन वाट्या खाल्ल्या.

आता यांचा नवा उद्योग ऐका. इथे पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या भोकात सरकवली की ते ती गर्रकन फिरवून तपासतं आणि चिठ्ठी देतं. ती दाखवली की पैसे परत. बाटलीमागे पंचवीस रुपये! मग काय, बागेतल्या बाकाखाली बाटली दिसली, की हे इकडेतिकडे बघून पिशवीत घालणार. स्टेट बँकेतला निवृत्त अधिकारी! मी दहा पावलं मागे राहून चालते.

काल संध्याकाळी इझार नदीवर गेलो होतो. नऊ वाजले तरी लख्ख उजेड. यांच्या पिशवीत सहा बाटल्या जमलेल्या. तेवढ्यात एक म्हातारी आली. अंगात इस्त्रीचा कोट, केस नीट विंचरलेले, हातात आपण भाजीला नेतो तसली चाकांची पिशवी. कचऱ्याच्या डब्यात बॅटरीचा झोत टाकून ती बाटल्या शोधत होती. तरुण मुलं आपापल्या रिकाम्या बाटल्या डब्यात न टाकता खाली बाजूला ठेवून जात होती. ते तिच्यासाठी, हे मला जरा उशिरा कळलं.

यांना आधी कळलं असावं. हे उठले, पिशवी डब्यापाशी ठेवली आणि काही न बोलता परत येऊन पाण्याकडे बघत बसले. घरी येईपर्यंत शंभराने एकदाही गुणलं नाही.

भाऊजींना सा. न., मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. : माळ्यावरच्या रिकाम्या बाटल्या इतक्यात भंगारवाल्याला देऊ नका, असं हे मागून ओरडून सांगताहेत. तुम्ही खुशाल देऊन टाका.