न याल तर चहा बंद!

हवा जराशी गार झाली की आपल्याकडे मैदाने महोत्सवांच्या नावाने अडकतात. मिसळ झाली, हुरडा झाला, आता चहाचाही महोत्सव. सर्व आयोजकांना आमचे नम्र सांगणे आहे, की तुम्ही अजून कच्चे आहात. शिकवणी लावायचीच तर जपानच्या तोयोतोमी हिदेयोशीची लावा.

गरीब घरातून वर येऊन हा गृहस्थ देशाचा धनी झाला. क्यूशू बेट नुकतेच जिंकलेले, आणि चहाची दुर्मीळ भांडी जमवण्याचा जबर नाद. आता भांडी जमवली म्हणजे ती बघायला माणसे हवीतच. म्हणून १५८७ च्या शरदात त्याने क्योतोमधल्या कितानो देवळाच्या पाइनबनात चहाप्रेमींचा खुला मेळा जाहीर केला. गावोगावी फलक लागले. मजकूर असा लोकाभिमुख, की आपल्या प्रसिद्धी खात्याने कित्ता गिरवावा. शेतकरी, व्यापारी, घरगडी, कुणीही या. चहा परवडत नसेल तर भाजलेल्या धान्याचे पीठ कालवा. चटई फाटकी असली तरी चालेल, बसायला मानाचा क्रम नाही. फक्त किटली, पोहरा आणि पेला ज्याचा त्याने आणायचा. योजना सरकारची, साहित्य लाभार्थ्याचे!

खरी प्रतिभा मात्र पुढच्या कलमात आहे. जो येणार नाही त्याने यापुढे चहा सोडाच, पीठसुद्धा कालवायचे नाही. आणि अशा गैरहजर माणसाच्या घरी जो जाईल, तोही त्याच्याच पंगतीतला. आमचे पुढारी बिचारे सभेला गर्दी व्हावी म्हणून ट्रक पाठवतात, वडापाव वाटतात. केवढा तो नाहक खर्च!

१ नोव्हेंबरला बन गजबजले. देवळात मधोमध हिदेयोशीची सोन्याने मढवलेली चहाची खोली मांडलेली. ती सुटी करून कुठेही नेता यायची, म्हणजे वैभवसुद्धा फिरतीवर. चहा म्हणजे साधेपणा, असे जन्मभर शिकवणारे सेन नो रिक्यू त्याच देवळात यजमानाच्या दिमतीला चहा घुसळत होते. चिठ्ठ्या काढून आठशेवर लोकांना चहा मिळाला, काहींना तर खुद्द हिदेयोशीच्या हातचा. दुपारी साहेब पाहणीला निघाले. हेचिकान नावाच्या एका अवलियाने भलीमोठी लाल छत्री रोवून तिच्याखाली चूल मांडली होती. साहेब इतके खूश झाले, की त्याला सगळी करमाफी देऊन टाकली. ना अर्ज, ना पडताळणी, ना आधार जोडणी.

मेळा दहा दिवसांचा जाहीर झाला होता. तो एका दिवसात गुंडाळला. हिगो प्रांतात उठाव झाला, असे कारण सांगतात. आमच्या मते सोने दाखवून झाले होते, मग उगाच नऊ दिवस पाणी कशाला उकळायचे? ‘गर्दी ओसरली की जाऊ’ म्हणत किटली घासत बसलेल्यांची मात्र पंचाईत झाली असणार. रिक्यूंनी हजेरी चोख लावली होती, तरी १५९१ मध्ये त्याच यजमानाच्या हुकमावरून त्यांना स्वतःचे पोट चिरून घ्यावे लागले.

तेव्हा वाचकहो, यंदा तुमच्या गावात चहामहोत्सवाचा फलक लागला तर पहिल्याच दिवशी जा. पेला घरचा न्या, आणि जमल्यास एक लाल छत्रीही. मालमत्ता कर माफ झालाच, तर आम्हालाही कळवा.